जुन्या गोदीतला आवाज

सकाळी दहा वाजता जुन्या गोदीवर इतकं धुकं होतं की गाइडला स्वतःच्या हातातली लाल छत्री तेवढी धड दिसत होती. मागे अकरा पर्यटक आणि बाराव्या परीक्षक बाई. बाईंनी आज पास केलं तरच परवाना पुढे चालू राहणार होता, नाहीतर उद्यापासून घरी बसायचं. बिचाऱ्याने महिनाभर सनावळ्या घोकल्या होत्या.

सगळ्यांच्या कानांवर हेडफोन आणि गाइडच्या कॉलरला माइक. माइक असला की ओरडावं लागत नाही, म्हणून तो सवयीने पुटपुटतच बोलत होता.

"हे वखारीचं दार दोनशे वर्षांपूर्वीचं. हात लावून बघा."

सगळे एकदम दोन पावलं मागे सरकले. एका आजोबांनी तर दोन्ही हात खिशात कोंबले.

धक्क्याच्या पायऱ्यांवर तो भरती-ओहोटीबद्दल सांगू लागला, तर सगळ्यांच्या माना वर वळल्या. वर एक बंद खिडकी होती.

"काय दिसतंय तिथे?" त्याने विचारलं. परीक्षक बाईंनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

पुढच्या अरुंद बोळात कहरच झाला. "इथे फोटो छान येतात," असं तो म्हणायला आणि बाराही जण डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून उभे राहायला एकच गाठ पडली. बोळात चिटपाखरू नव्हतं. समुद्रावर कुठेतरी भोंगा वाजला. त्या एका मिनिटात गाइडला घाम फुटला.

"गेली का ती?" एका काकूंनी डोळे किलकिले करून विचारलं.

"ती कोण?"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, ती जाईपर्यंत बघू नका! आवाज काय खोल लावलात हो! ओठ तेवढे जुळत नाहीत."

गाइडने त्यांचा हेडफोन जवळजवळ हिसकावूनच कानाला लावला. आत कुणीतरी संथ श्वास घेत होतं.

"आता लाल छत्रीवाल्याच्या पायांकडे बघा," तो आवाज म्हणाला. "त्याला सावली नाही."

सगळ्यांनी खाली पाहिलं. गाइडनेही पाहिलं. धुक्यात कुणालाच सावली नव्हती, पण तेवढा विचार करायला धीर कुणाजवळ होता! मग आवाज खोकला. तो खोकला गाइड गेली बारा वर्षं जेवताना ऐकत आला होता. त्याने कॉलर चाचपली. माइकचं बटण बंद होतं.

गोदीच्या चौकातच त्याच्या सासऱ्यांचं घर. गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून फेऱ्या सोडलेले जुने गाइड. जावई चार मजले धापा टाकत चढला. ते खिडकीशी पांघरूण घेऊन, कानांवर तसाच हेडफोन, समोर घड्याळ आणि हातात त्याच लहरीवर चालणारा आपला जुना माइक धरून बसले होते.

"बाबा, काय चालवलंय हे?"

"जावईबापू, माइक मुका ठेवून परीक्षा देतात का? रोज इथे बसून ऐकतो मी तुम्हाला. आज काहीच ऐकू येईना, म्हटलं पोराची नोकरी जाते! कुठल्या मिनिटाला कुठे असता ते पाठच आहे मला."

"पण भुतं कशाला? मी सगळ्या सनावळ्या पाठ केल्या होत्या!"

"त्या रोज ऐकतो ना, म्हणूनच."

जावयाला राग यायला हवा होता. पण म्हातारा रोज इथे एकटा बसून आपल्याला ऐकतो, हे लक्षात येताच त्याने घसरलेलं पांघरूण त्यांच्या गुडघ्यांवर नीट ओढलं.

तेवढ्यात परीक्षक बाई जिना चढून आल्या. माइक पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आवाज तुमचा! वीस वर्षांत अशी फेरी ऐकली नाही. परवाना मंजूर." त्यांनी कागदावर गाइडच्या जागी सासऱ्यांची सही घेतली.

मग बाई जावयाकडे वळल्या.

"आणि भुताचं काम तुम्ही फार छान करता हं! चेहऱ्यावर काय खरीखुरी भीती! रोज तुम्हीच असता ना?"

जावयाने एकदा सासऱ्यांच्या गुडघ्यांवरच्या पांघरुणाकडे पाहिलं.

"हो बाई," तो म्हणाला, "रोज मीच असतो."