लुशाबाईंची कोथिंबीर

आमच्या छावणीतल्या गल्लीत भाजीवाल्याची आरोळी चुकली तर त्याला ती पुन्हा द्यावी लागते. लुशाबाई गॅलरीतून हात वर करून हातगाडी थांबवतात. "चाचा, गळ्यानं नाय, पोटानं." रहीमचाचा बिचारे पोटावर हात ठेवून परत 'मेथी' म्हणतात. मागं रिक्षा खोळंबते. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तर त्याचाही सूर तपासला जातो.

लुशाबाई मूळच्या ल्युचिया. इटलीत ऑपेरा गायच्या. म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त माइक नाही. आमच्या गल्लीतले देसाई इंजिनिअर तिकडं कामाला गेले अन् यांना लग्न करून घेऊन आले. पुढं देसाई वारले, या मात्र इथंच राहिल्या. मराठी शिकल्या धुणंभांडी करणाऱ्या लासूरच्या सखूबाईंकडून, त्यामुळं गोऱ्यापान बाईच्या तोंडचं 'लई' अन् 'व्हय' ऐकून कुरियरवाला सही घ्यायचीच विसरतो.

त्यांच्याकडं गाणं शिकायला पार गुलमंडीहून पोरी येतात. पहिला धडा म्हणजे फरशीवर उताणं झोपून, पोटावर तांदळाचा डबा ठेवून श्वास घ्यायचा. मीही झोपले. गाणं काही आलं नाही, पण आमचे हे म्हणतात, घोरणं सुरात आलं.

स्वतः बाई मात्र कधीच गायच्या नाहीत. मी एकदा खोदून विचारलंच. भरल्या थेटरात त्यांचा वरचा सूर फाटला होता. कुणी हसलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही, सगळे नुसते गप्प बसले. "ती शांतता लई वंगाळ," त्या म्हणाल्या. तेव्हापासून गाणं बंद, फक्त शिकवणं.

गेल्या उन्हाळ्यात चाचांच्या घशात गाठ निघाली. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आता मुकी गाडी आली काय अन् गेली काय, कुणाला कळणार? पालक गाडीवरच सुकायला लागला. मी म्हटलं, आरोळी मोबाइलवर भरून लावू. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी गुमान चपला घातल्या अन् त्यांच्यामागं खाली उतरले.

गाडीशेजारी उभ्या राहिल्या खऱ्या, पण मेथीच्या जुड्याच सारख्या करत राहिल्या. चाचांना बोलायची बंदी. त्यांनी नुसता स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

बाईंनी श्वास घेतला. "मेऽऽथी!"

काय सांगू तुम्हाला! गल्लीतली कुत्री भुंकायची थांबली, गॅलऱ्या भरल्या. अभिमानानं माझा ऊर असा भरून आला, जणू मीच शिकवलं होतं त्यांना. मग 'कोथिंबीर' घेताना सूर वर चढला अन् टर्रकन फाटला. सगळी गल्ली गप्प. बाई पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, संपलं आता, पुन्हा काही या तोंड उघडत नाहीत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून देशपांडेवहिनींनी हाक मारली, "लुशाताई, दोन जुड्या ठेवा बाजूला, आलेच खाली!"

बाईंनी वर बघितलं. डोळे पुसले. चाचांच्या गाडीवरच्या दोन चांगल्या जुड्या निवडून बाजूला काढल्या.

"व्हय, ठिवते," म्हणाल्या. अन् पोटावर हात ठेवून कोथिंबीर पुन्हा घेतली, त्याच वरच्या सुरात.