पाच कुलपांचा पूल

"या जगात असा एक तरी पूल पाहिजे, ज्याच्यावरून चोराले पलीकडं जाताच येणार नाही! आन् तो पूल आपल्या घरातून निघून राहिला!"

भिलाईच्या मरोद्यातल्या आपल्या अंगणात उभं राहून, उजवा हात आभाळाकडे करून भय्याजींनी ही घोषणा केली. श्रोत्यांत एकट्या रुक्माबाई होत्या. त्यांनी नवऱ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बनियान उलटी घातली हाय तुमी."

मोठ्या क्षणी माणसाची बनियान उलटी असायचीच! भय्याजींनी ती तशीच राहू दिली.

पूल बांधत होती त्यांची लेक रेणू. आतल्या खोलीत बसून, लॅपटॉपवर. तिने बापाला समजावून सांगितलं होतं, की ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांनी मिळून राखलेली एक वही. तिच्यात लिहिलेलं कोणालाच खोडता येत नाही. अशा वह्या जगात पुष्कळ, पण एकीला दुसरीचं अक्षर लागत नाही. म्हणून मध्ये पूल. वस्तू इकडे कुलपात ठेवायची, तिकडे तिची प्रत द्यायची. परत येताना प्रत फाडायची, मगच इकडचं कुलूप उघडायचं. आणि एका माणसावर भरवसा नको म्हणून राखणदार सात. त्यांतल्या पाचांनी सह्या केल्या तरच पूल उघडणार.

"आज चार वाजता उघडणार, बाबा," रेणू म्हणाली होती. "सातांतला एक विमानात आहे, एकाचं यंत्र बिघडलं. मंग राहिले पाचच. माझी सही झालीच पाहिजे." सही करायची तिची चावी म्हणजे पेनड्राइव्हएवढा एक तुकडा. "ही चुकीच्या हातात गेली का खतम!"

हे झालं जगाचं. घरातली गोष्ट वेगळी होती. भिलाईत बसून राखणदारी जमते का, हे कंपनी आज पाहणार होती. जमली तर रेणू इथेच राहणार, नाही जमली तर बंगळूर. भय्याजी याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. फक्त गेला महिनाभर भिंतीवरच्या नकाशात भिलाई आणि बंगळूर यांच्यात वीत लावून पाहत होते. वीत दर वेळी तेवढीच भरत होती.

पहाटेपर्यंत काम करून रेणू झोपली. टेबलावर तिची चावी उघडी पडलेली! चौतीस वर्षं भय्याजींनी पोलादाच्या प्लांटमधल्या इलेक्ट्रिकल विभागात काढली होती. तिथे मशीन दुरुस्तीला घेतली, की तिच्या स्विचवर सहा भोकांची एक लोखंडी पकड लागायची. मशीनवर जेवढी माणसं, तेवढी कुलपं. ज्याचं कुलूप, त्यानेच स्वतःच्या हाताने काढायचं. सगळी निघेपर्यंत मशीनला वीज नाही! निवृत्तीच्या दिवशी पोरांनी त्यांना तीच पकड लाकडी फळीवर बसवून भेट दिली होती. भय्याजींनी पेचकस काढला आणि ती भिंतीवरून उतरवली.

पुतण्या अमरदीपने हथखोजच्या कारखान्यात वेल्डिंग करून दिलेली एक पेटी घरात होती. पत्रा एवढा जाड, की रिकामी उचलायलाही दोन माणसं! चावी तिच्यात गेली, कडीला ती लोखंडी पकड बसली. सकाळच्या चहाला पाच जण जमले आणि पाच कुलपं लागली: भय्याजींचं, रुक्माबाईंचं, अमरदीपचं, शेजारच्या दुर्गाबाईंचं आणि कॅम्प-१ वस्तीतले, प्लांटमधले जुने साथीदार जानराव यांचं.

"पाचही जण पेटीसमोर दिसले तरच उघडायचं," भय्याजींनी बजावलं. "मी सोता येऊन रडलो तरी ऐकायचं नाही. चोर माझं रूप घेऊन येऊ शकते!"

दुपारी पोटभर आमरस खाऊन ते आडवे झाले आणि पूल दिसला. मरोद्याच्या तलावातून निघालेला, दुधासारख्या उजेडाचा. या काठाला एक शहर, त्या काठाला दुसरं, मध्ये धुकं. लोक आपल्या चपला या काठाला ठेवत होते, त्या काठाला तशाच चपला मिळत होत्या, आणि कोणाचीही चप्पल हरवत नव्हती! असं जग भय्याजींनी कोणत्याही लग्नात पाहिलं नव्हतं. पुलाच्या मधोमध रेणू उभी होती आणि तिच्या पायांखालून ढग हळूहळू चालले होते. ती काहीतरी म्हणत होती...

"बाबा! माझी चावी कुठं आहे?"

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. भय्याजी उठले आणि सम्राटाच्या थाटात पेटीकडे बोट केलं. "तुझ्यात सातातले पाच लागतात ना? इथं पाचातले पाच लागतात! तुझ्या कंपनीले सांग."

रेणूचा चेहरा पाहून बंगळूर एकदम वीतभर जवळ आलं.

"गॅस कटरनं कापू?" भय्याजींनी विचारलं.

"आतली चावी वितळन ना, बाबा!"

भय्याजी धावत दुर्गाबाईंच्या खिडकीशी गेले. "दुर्गाबाई, चला! कुलूप काढा!"

"कोण तुमी?"

"अवं, मी भय्याजी!"

"कशावरून?"

"बत्तीस वर्षं झाले शेजारी राहून राहिलो!"

"चोर पण हेच म्हणन," दुर्गाबाई आतून म्हणाल्या. "आन् आमचे भाऊजी बनियान उलटी नाही घालत. बाकी चौघं पेटीसमोर दिसले का मी येते."

अमरदीपला फोन लावला. तोही इमानदार! "मोठेबाबा, चौघं उभे आहेत असा व्हिडिओ दाखवा, मंग निघतो."

"अरे, चौथी दुर्गा! ते म्हणते तू दिसला का येईन!"

"आन् मी म्हणतो ते दिसली का निघीन. यालेच तं सिक्युरिटी म्हणतात!"

रुक्माबाईंनी फोन हातात घेतला. "अमऱ्या, मी बोलून राहिली. निघ."

अमरदीप निघाला. रुक्माबाईंचं रूप घेण्याची हिंमत कोणत्याही चोरात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रेणूने स्कूटर काढली, मागे भय्याजी. मे महिन्याची दुपार. रस्ते रिकामे, झाडं डोळे मिटून उभी, आणि हवेत सगळं शहर पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. भय्याजींना क्षणभर कळेना, आपण जागे झालो होतो की ते अजून व्हायचं आहे.

कॅम्प-१ मध्ये जानराव लिंबाखाली बाजेवर झोपले होते. कुलपाची चावी कमरेच्या करदोट्याला.

"जानराव!"

काही नाही. पाणी मारलं. जानराव झोपेतच ओठ चाटून पुन्हा घोरू लागले.

"पाचले उठतात," त्यांची सून सुनीता म्हणाली. "त्याच्या आधी भूकंप आला तरी नाही. फक्त कूस बदलतात."

"कावून नाही उठत?"

"मामंजी म्हणतात, नोकरीतली सगळी उधार झोप आता वसूल करून राहिलो."

रेणू घड्याळाकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं होतं. भय्याजींनी ते पाहिलं आणि रस्त्यावरून चाललेला एक मालवाहू ऑटो हात करून थांबवला.

अशा रीतीने जानराव बाजेसकट निघाले! टाऊनशिपच्या झाडांची सावली त्यांच्या अंगावरून वाहत होती, ऑटो पाळण्यासारखा झुलत होता, आणि जानरावांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की सिग्नलवरच्या लोकांनी हात जोडले. एकाने तर विचारलं, "कौन से महाराज हैं?"

"मेंटेनन्सवाले," भय्याजी म्हणाले.

चारला आठ मिनिटं असताना बाज पेटीसमोर उतरली. अमरदीप पोहोचलाच होता. ते बघून दुर्गाबाई बाहेर आल्या. भय्याजींचं कुलूप निघालं, रुक्माबाईंचं निघालं, दुर्गाबाईंचं, अमरदीपचं. राहिलं जानरावांचं.

रेणूने करदोट्याची चावी सोडली. "मी उघडते."

"नाही!" भय्याजी आडवे आले. "दुसऱ्याचं कुलूप मी चौतीस वर्षांत कोणाले काढू दिलं नाही. त्यानं माणसं मरतात."

"बाबा, पाच मिनिटं राहिली! इथं कोण मरून राहिलं?"

भय्याजींनी नियमाकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. मग ते बाजेशी गुडघे टेकून बसले, चावी जानरावांच्या मुठीत ठेवली आणि त्यांच्या कानाशी, दर दुरुस्तीनंतर जे म्हणायचे ते म्हणाले:

"जानराव, काम झालं. माणसं बाहेर आली. कुलूप काढ."

जानरावांचे डोळे मिटलेलेच होते. पण हात उठला. हवेत थोडा शोधत गेला, कुलपाशी आला, चावी घातली, फिरवली. खट्ट! कुलूप निघालं. हात परत छातीवर गेला. घोरणं मध्ये एकदाही तुटलं नाही.

चारला दोन मिनिटं असताना रेणूची सही पडली.

"झालं?" भय्याजींनी विचारलं.

"झालं. पूल उघडला."

भय्याजींनी पडद्यावर पाहिलं. एक हिरवी खूण होती. ढग नव्हते.

"पहिलं काय गेलं त्याच्यावरून?"

"चाचणीचं एक नाणं. त्याची किंमत काहीच नाही."

पडद्यावरच्या चौकोनांतून कंपनीची माणसं रेणूच्या पाठीमागे बघत होती: एक पेटी, पाच कुलपं, एक बाज, बाजेवर एक महाराज. साहेबांनी विचारलं, रेणूने खरं ते सांगितलं. साहेब बराच वेळ हसले आणि शेवटी म्हणाले, की असा बंदोबस्त आपल्या बंगळूरच्या ऑफिसात नाही. हिला तिथेच राहू द्या.

"म्हणजे इथंच?" भय्याजींनी विचारलं.

"इथंच, बाबा."

भय्याजी भिंतीकडे तोंड करून बनियान सुलटी करू लागले. त्याला फार वेळ लागला. मग डोळे पुसत वळले आणि छाती काढून म्हणाले, "माग बेटा! आज या बापापाशी काय पाहिजे ते माग!"

रेणू जरा घुटमळली.

"बाबा, घराची एक चावी मले पण देऊन ठेवा ना. काल तुमी दोघं झोपले होते, तं मी अर्धा घंटा पायरीवर बसून होती."