दोन किलो कोळशाची मोजणी

वैजयंता कुबलनं करवंट्यांपासून बनवलेल्या दोन किलो कोळशात सातशे एकर जमीन निघाली, तेव्हा मोजणी खात्याची नोटीस आली. खात्याचं काही चुकलं नव्हतं. कोळशाला बारीक छिद्रंच इतकी, की आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर अख्खं गाव झाकलं जावं. करवंट्या कोकमाच्या पाण्यात भिजवून, बंद मडक्यात भाजून, वर नुसती वाफ देऊन तिनं ती छिद्रं उघडली होती. कारखान्यातलं एकही रसायन वापरलं नाही, याचा तिला कोण अभिमान! कोळसा मोजणीच्याच दिवशी गावच्या टाकीला बसवायचा होता. टाकीत फवारणीचं औषध झिरपलं होतं आणि पोरं उलट्या करून अर्धमेली झाली होती.

भूकरमापक निंबाळकर दहाच्या ठोक्याला आले. त्यांनी चपला दाराशी काढल्या, फितीचं टोक टेबलाच्या पायाला बांधलं आणि ते कोळशात उतरले. सरकारी माणूस वेळेवर आला, याचंच तिला नवल वाटलं.

दुपारी ते वर आले. पाय पोटऱ्यांपर्यंत काळे झाले होते.

"क्षेत्र बरोबर आहे. पण आत वहिवाट आहे."

"कुणाची?"

"भिकाजी कुबल."

भिकाजी म्हणजे वैजयंताचे बाबा. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. करवंट्या त्यांनी लावलेल्या माडांच्याच होत्या.

"झाडाची वहिवाट करवंटीबरोबर येते, ताई. नियमच आहे. एका खोलीचं घर आहे. चूल पेटलेली होती, मला चहा दिला."

"मी जाऊ आत?"

"हद्द कायम होईपर्यंत नाही. वर्ष तरी लागेल."

औषध एकदा छिद्रांत शिरलं की ती भरतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिला रडूच फुटलं.

"पाणी सोडलं तर बाबांचं घर…"

"भरेल. म्हणून त्यांचा जबाब घेतलाय." निंबाळकरांनी कागद वाचला. "'तिका सांगा, पाणी सोड. पोरां आजारी आसत. मी माळ्यार चढतंय.'"

"त्या घराला माळा आहे?"

"नाही. मी त्यांना तेच म्हटलं."

"मग?"

"हसले."

संध्याकाळी तिनं कोळसा ड्रममध्ये भरला आणि टाकीचा नळ सोडला. खालून स्वच्छ पाणी आलं. रांगेतल्या बायका कळश्या भरू लागल्या. वैजयंतानं ड्रमला कान लावला. आत कुणीतरी जिना चढत होतं, मध्येच दम खायला थांबत होतं, पुन्हा चढत होतं.

तिनं नळ जरा बारीक केला.