तांडेलकाकांच्या करवंट्या

भाट्ये गावच्या तांडेलकाकांच्या अंगणात पाऊल टाकण्याआधी विचारावं लागे, "काका, मॅच चालू आहे का?" कारण सारवलेल्या त्या अंगणात बावीस करवंट्या मांडलेल्या असत. अकरा पालथ्या, अकरा उताण्या, मध्ये चेंडू म्हणून एक सुपारी. माडाला ट्रान्झिस्टरची तार बांधलेली आणि काका उकिडवे बसून, कॉमेंट्री ऐकत, काठीने करवंट्या सरकवत. पोस्टमनसुद्धा अंगणाच्या दगडी गडग्याबाहेरच थांबे. एकदा काकींनी चुकून गोलासमोर कळशी टेकवली, तर काका दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

काकांची हयात बोटीवर गेलेली. तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. फुटबॉल त्यांच्या अंगात परदेशी बंदरांतच भिनला. गोल होण्याच्या बेतात आला की दोर ओढताना देतात ती आरोळी द्यायचे, "हबेस!" चेंडू बाहेर गेला की, "कप्तान झोपला मेला!"

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून मला त्या घरात भलताच मान. एक्याऐंशीच्या ऑक्टोबरात काकांनी मला हाक मारली, "मास्तर, नकाशा आणा. कतार दाखवा."

वीस वर्षांखालच्या पोरांचा विश्वचषक ऑस्ट्रेलियात चालला होता आणि त्यात कतारही उतरलं होतं. मी नकाशावर बोट ठेवलं तर अख्खा देश बोटाखाली झाकला गेला. काकांचा मुलगा सुधा कतारलाच सुतारकामाला होता. पोरगा ज्यांचं मीठ खातो त्यांची बाजू घ्यायची, हा काकांचा सरळ हिशेब. मी मनातल्या मनात हसलो. समोर ब्राझील होतं!

आणि त्या पोरांनी ब्राझीलला हरवलं. करवंट्यांत का होईना, मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि अंगावर काटा आला. पाठोपाठ इंग्लंड! मी वर्गात नद्यांचा धडा बाजूला ठेवून कतार शिकवायला लागलो. काका जेवतानाही मध्येच "हबेस!" म्हणत.

अंतिम सामना रविवारी होता. सिडनीत दुपार, आपल्याकडे सकाळ. समोर पश्चिम जर्मनी. गडग्यावर सगळी वाडी येऊन बसली. सिडनीत पाऊस आहे म्हटल्यावर काकांनी तांब्याने अंगणात पाणी शिंपडलं. कोणी हसलं नाही.

एक गोल झाला. मग दुसरा. चार झाले तेव्हा काकांचा आवाज पार बसला होता, कतारच्या खात्यावर मात्र काहीच नव्हतं. वाडी हळूहळू पांगली.

"काका, एवढासा देश अंतिम फेरीपर्यंत आला," मी म्हणालो. "जीव कशाला जाळताय?"

"तसं नाय, मास्तर. जितले असते तर तिकडं सगल्यांना सुट्टी दिली असती." काका सुपारीकडे बघत होते. "सुध्या गणपतीला आला नाय. तवापासनं पत्र पण नाय. दिवसभर रंधा मारून पोराचा हात लिवायला उचलतो काय? एक दिवस सुट्टी मिळाली असती, तर लिवलं असतं त्यानं."

दोन आठवडे मी त्या अंगणात खेळ बघत होतो आणि माझ्या शेजारी बसलेला बाप पोराच्या एका सुट्टीसाठी झुंजत होता. मला माझीच लाज वाटली.

काकांनी ट्रान्झिस्टर बंद केला. कतारची एक करवंटी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि थांबले. चेहरा जरा उजळला.

"पण दुसरा नंबर म्हंजे कमी नाय हो. अर्धा दिवस तरी देतील. अर्ध्या दिवसात एक पान लिवून व्हतं."

मी मान हलवली.

"मग चला, हात लावा," काका करवंट्या गोळा करू लागले. "पोस्टमन यायचा तर अंगण मोकळं पायजे."