आठाच्या बाहेर

भूगोलाच्या बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी शिकायचं जाहीर केलं. कॉलेजात असल्यापासून त्यांची एकच इच्छा होती. खिडकीवर कोपर टेकवून, एकटीने गाडी हाकत, गावातून निघणाऱ्या सरळ रस्त्याने थेट समुद्र गाठायचा. वर्गात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना समुद्र नकाशावर दाखवला होता. प्रत्यक्ष न्यायचं काम यजमानांकडे होतं आणि ते "नेतो गं, घाई काय आहे?" म्हणत तीस वर्षं तयारीत होते.

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर शिस्तीचे. मैदानात दोन पिंपं ठेवलेली. त्यांच्याभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, झालं.

"आणि सरळ कधी शिकवणार?" बाईंनी विचारलं.

"बाई, परीक्षेत आठ येतो. सरळ जाणं सगळ्यांनाच येतं असं गृहीत धरलंय, म्हणून ते विचारत नाहीत. विचारत नाहीत ते आम्ही शिकवत नाही."

हे तत्त्व बाईंना शाळेपासून तोंडपाठ होतं. त्यांनी मान डोलावली आणि आठ घोटला. परीक्षेच्या दिवशी परवाना कचेरीतले साहेब चहाचा कप घेऊन खिडकीशी आले आणि म्हणाले, "वा! असा गोलगरगरीत आठ या कचेरीने पाहिला नाही." बाई पास झाल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारी यजमानांना बसवून बाई फाटकातून निघाल्या. समोर विजेचा खांब, पुढे टपालपेटी. हात आपोआप वळले. सगळी सकाळ गाडी खांबाला डावीकडून आणि पेटीला उजवीकडून वळसे घालत राहिली. शेवटी ती फाटकाशी थांबली तेव्हा यजमान दाराला धरून उतरले.

"आपण निघालो कुठून?"

"घरून."

"आणि आलो कुठे?"

"घरीच की."

"मग पेट्रोल गेलं कुठे?"

बाई तडक कचेरीत गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"गाडी चालवण्यात काही दोष?"

"नाही. पण पोचत नाही."

"पोचणं हा आमचा विषय नाही. परवाना चालवण्याचा असतो."

"मग निदान आपला मराठी आठ तरी काढू द्या. तो एका बाजूला उघडा असतो. बाहेर तरी पडता येईल."

"मराठीबद्दल आम्हाला नितांत आदर आहे," साहेब उभं राहून म्हणाले आणि पुन्हा बसले. "पण मापं इंग्रजी आठाची आहेत."

मात्र प्रकरण गंभीर होतं. चालक रीतसर उत्तीर्ण, गाडी धडधाकट, तरी पोचणं होत नाही. म्हणजे दोष उरला रस्त्यात. कचेरीने तातडीने निर्णय घेतला: 'परवानाधारक चालक व रस्ता यांत विसंगती आढळल्यास रस्ता दुरुस्त करण्यात यावा.' महिन्याभरात समुद्राकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर दोन ओळींत पिंपं उभी राहिली. प्रत्येक वाहनाने आठ काढणं सक्तीचं झालं. लोक दोन दिवस कुरकुरले, मग सरावले, मग अभिमानाने सांगू लागले की आमच्याकडे रस्ता कधी रिकामा दिसत नाही. दिसणार कसा? त्यावर गेलेलं कुणी तो संपवून बाहेरच पडत नव्हतं.

"बघ, तुझ्यासाठी अख्खा रस्ता वाकडा केला," यजमान म्हणाले. "आता आणखी काय पाहिजे तुला?"

"समुद्र," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच कोसळलं. जन्मभर नाकासमोर चालूनही एक साधी इच्छा पुरी होऊ नये, याचा त्यांना भयंकर संताप आला. त्या डोळे पुसत उठल्या आणि एकट्याच गाडी घेऊन निघाल्या.

पहिलं पिंप आलं. "खड्ड्यात गेला तुमचा आठ!" बाई ओरडल्या आणि त्यांनी चाक वळवलंच नाही. काहीसुद्धा झालं नाही. मधली वाट चांगली ऐसपैस मोकळी होती. मागून भोंग्यांचा गदारोळ उठला, पण बाईंचं कोपर खिडकीवर आलं होतं आणि पिंपांमागून पिंपं मागे पडत होती. थोड्याच वेळात समोर निळंशार पाणी पसरलं. बाई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत खाली उतरल्या.

सरळ येणाऱ्यांना पकडण्यासाठी तिथे एक हवालदार नेमलेला होता. बिचारा कधीचा रिकामा बसून कंटाळला होता. तो धडपडत उठला.

"बाई, आलात कशा?"

"सरळ."

"सरळ?" त्याने आवाज खाली आणला. "कुणाची ओळख आहे का वर?"

"कुणाची नाही."

"मग परवाना जमा करा. गाडी परत नेता येणार नाही. आणि इथे उभी करायला मनाई आहे."

"बरं झालं. मी बसतेच इथे," म्हणत बाईंनी चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले.

"साक्षीदार कुणी?"

"मागे ही रांग होती गाड्यांची! मी मधून गेले ते सगळ्यांनी पाहिलं. वाट मोकळी आहे हेही पाहिलं."

"मग कुणी आलं का मागोमाग?"

दोघांनी वळून रस्त्याकडे पाहिलं. "या वयात शोभतं का हे बाईंना!" म्हणत सगळे आपापल्या पिंपाला वळसा घालत होते. एकच गाडी मध्ये थबकली होती, चाकं सरळ करून. बाईंनी उठून जोरजोराने हात हलवला. "या! या! काही होत नाही!"

ती गाडी तुमचीच ना?

मग वळलात का हो?