चंपतची डाकवही

आमच्या महाविद्यालयाचा शिपाई चंपत प्राध्यापकाच्या हाती कागद देऊन कधी निघून जात नसे. तो कागद त्याच्यादेखत मोठ्याने वाचला गेल्याखेरीज, त्याच्या मते, पोहोचतच नसे.

ही साठ-एकसष्ट सालची गोष्ट. यवतमाळच्या बाहेर मोकळ्या माळावर वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह अशा आमच्या इमारती विखुरलेल्या होत्या. कार्यालयातून निघणारी सूचना एकच असे. सोबतच्या डाकवहीत आम्हा अठरा प्राध्यापकांची नावे असत, आणि सूचना वाचून प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही करायची असे. इतक्या साध्या व्यवस्थेला चंपतने आपला विधी जोडला होता. त्याला स्वतःला मात्र त्या अठरा नावांपलीकडे अक्षर लागत नसे.

“वाचा जी,” तो म्हणे.

“वाचले.”

“ओठ तं हालले नाही तुमचे! जोरानं वाचा. मले आयकू आलं पायजे.”

मग रसायनशास्त्राचे प्राध्यापक एका हातात तापलेली परीक्षानळी धरून ‘टीपकागद जपून वापरावा’ असे खड्या आवाजात वाचीत. मी संस्कृत शिकवीत असे. एकदा संकष्टीला चिंतामणीच्या दर्शनासाठी कळंबच्या एस.टी.त बसलो होतो. गाडी सुटणार तोच खिडकीशी चंपत उभा! ‘सायकली व्हरांड्यात लावू नयेत’ हे साऱ्या गाडीला ऐकवावे लागले. शेजारच्या म्हातारीने भक्तिभावाने हात जोडले. माझ्या उच्चारांमुळे तिला ती पोथी वाटली असावी.

या हट्टामागे काय आहे, याचे मला फार कुतूहल होते. विचारले की म्हणे, “काहून म्हंजे? कागद मुका असते जी.” आणि वही काखेत मारून पुढच्या इमारतीकडे निघे.

पुढे नवे प्राचार्य आले. एके दुपारी त्यांनी मला बोलावून डाकवही माझ्यापुढे उघडली. प्रत्येक पानावर अठरा नावांखाली एक एकोणिसावी सही होती, तिरकी, रकाना ओलांडून गेलेली. ती मी ओळखली. ती आमचे जुने हेडक्लार्क बापूजी यांची होती.

“दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला मनुष्य रोज सही कशी करील?” प्राचार्य म्हणाले. “शिपाई खोट्या सह्या करतो आहे. आपण ज्येष्ठ आहात, चौकशी करून अहवाल द्या. खोटी ठरली तर उद्याच त्याला काढतो.”

मी चंपतला हे सांगितले. “काढाचं तं काढा म्हना,” तो म्हणाला, “सही खरी हाये. चाला माह्यासंगं.”

त्या सायंकाळी अठरावी सही झाल्यावर मी त्याच्यामागून गेलो. वसतिगृहापलीकडच्या दोन खोल्यांत बापूजी खाटेवर बसले होते. त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. इतक्या जवळ राहून मला ते ठाऊक नव्हते, याची लाज वाटली.

“आला का रे चंपत? आज काय काढलं साहेबानं?”

चंपत ताठ उभा राहिला, डोळे मिटले, आणि वर्गाच्या खिडक्या बंद करण्याविषयीची ती सूचना जावक क्रमांकापासून ‘आज्ञेवरून’पर्यंत म्हणून गेला. एक अक्षर चुकले नाही. मी बारा वर्षे गुरूंच्या मागे संथा म्हटली आहे. अठरा वेळा ऐकून मुखोद्गत केलेला तो स्वर मला तत्काळ उमगला. मग त्याने बापूजींचे बोट पानावर टेकविले आणि बापूजींनी सही केली.

“कचेरीबिगर करमत नाही जी त्याहिले,” चंपत माझ्या कानाशी लागून म्हणाला. “हे बंद झालं तं कोन हाये त्याहिले?” आणि घागर उचलून तो विहिरीकडे गेला.

त्याची पावले दूर जाताच बापूजी पुढे झुकले. “पंडितजी, वर्गाच्या खिडक्या कोणी लावाव्या, याचं मले आता काय करायचं? पण त्याची बायको मागल्या साली गेली. घरी कोणी नाही. दिवसभर जमवलेलं माणसानं कोणाजवळ तरी बोलायले पायजे ना? म्हणून आयकतो. त्याले सांगू नका बरं.”

मी अहवाल लिहिला : सही खरी आहे, माझ्यासमक्ष झाली, बापूजींचे नाव यादीत रीतसर घालावे.

प्राचार्यांनी तो वाचून चष्मा काढला. “निवृत्त माणसाला सूचना पाठविण्यात सोय कोणाची, पंडितजी?”

असत्य बोलण्याची मला सवय नव्हती, आणि बापूजींनी विश्वासाने सांगितलेले उघड करणेही शक्य नव्हते. मी म्हणालो, “शिपाई आणि बापूजी, दोघांपैकी एकाची निश्चित आहे. कोणाची, ते चौकशीत निष्पन्न झाले नाही.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढविला. मग टाक दौतीत बुडवून एकोणिसावे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले.