टीव्हीवर दिसलेला जावई

शिरूरच्या मार्केट यार्डात सिनेमाचं शूटिंग लागलं होतं. गोष्ट १९७८ सालच्या पुणे-नगर सायकल शर्यतीची. चहाच्या हॉटेलात गावकरी टीव्हीवर शर्यत थेट बघतायत, असा सीन होता. त्यासाठी जुना लाकडी टीव्ही आणला इनुसमामांनी. मामांनी अख्खी हयात टीव्ही दुरुस्त करण्यात घालवली, शिवाय त्या शर्यतीत ते स्वतः उतरले होते. त्याच जोरावर दौंडच्या सासऱ्यांना "मला टीव्हीवर दाखवलं" असं सांगून त्यांनी लालबीला मागणी घातली होती. सासरी आजही त्यांचा मान टीव्हीवर दिसलेला जावई म्हणूनच. सांगून सांगून मामांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

पण पडद्यावर सायकलींमागं पळणाऱ्या कॅमेऱ्यानं टिपलेली शर्यत आणि खाली क्रमांकांची पट्टी दिसली, आणि मामांमधला मेकॅनिक खवळला.

"हे चूक हाय," ते म्हणाले.

सहायक दिग्दर्शिका गौतमी शिक्रापूरची, चौकस पोरगी. तिनं वही काढून कारण विचारलं. मग काय, मामा सुटलेच. शर्यत सकाळची आन् टीव्ही लागायचा संध्याकाळी. सकाळी पडद्यावर नुसत्या मुंग्या. रस्त्यावर पळत दाखवायला कॅमेरा कुठला? बसल्या फांदीवर आपणच कुऱ्हाड चालवतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"म्हंजी त्या दिवशी टीव्हीवर कायबी न्हवतं?" मागून आवाज आला.

"कायबी न्हाई. पैज लावतो," म्हणत मामा वळले. डबा घेऊन लालबी उभी होती.

सत्तेचाळीस वर्षांची अब्रू आता जाणार, या भीतीनं त्यांनी खाली मान घातली.

लालबीनं शांतपणे डबा उघडला. "अब्बांना तवाच ठावं हुतं. आमच्याकडं टीव्ही कुठं हुता? ते त्या दिवशी शिरूरच्या बाजाराला आलेले. चेन तुटलेली सायकल खांद्यावर घिऊन तुमी समद्यात शेवटी आलेले त्यांनी सोता बघितलं. घरी येऊन म्हनले, पोरगा शर्यत सोडून पळाला न्हाई." मग मागणी आली तेव्हा टीव्हीचं ऐकून ते गालात हसले होते, एवढंच.

मामांचे डोळे भरून आले. गौतमीनं टीव्हीचा सीन खोडला आणि विचारलं, "मामा, हेच घेऊ का सिनेमात?"

मामांनी डोळे पुसले, थोडा विचार केला.

"घ्या. पन चेन न्हवती तुटली, मागचं चाक पंचर हुतं. तेवढं बरोबर दाखवा."